दोन मुठींवरचा तारा

फटाक्यांचे फोटो काढायला मला मुळीच आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. मुरुडमध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत नवरा-नवरीच्या मागे अनार पेटवतात, धूर नवरीच्या नाकातोंडात जातो, ती खोकत सुटते आणि सासू मला सांगते, हसरा काढ गं. त्या धुराने माझ्या दोन लेन्सची वाट लावली आहे. तरीही चार वर्षं दर लक्ष्मीपूजनाला मी दुकानाची पूजा दिवसाउजेडीच कशीबशी उरकली, कॅमेरा, ट्रायपॉड आणि बाबाला गाडीत घातलं आणि मागच्या डोंगरातला तलाव गाठला. एक फोटो माझ्या डोक्यात बसला होता आणि तो काढल्याशिवाय निघणार नव्हता.

तलाव म्हणजे खरं तर एक लहानसं धरण. तीन बाजूंनी जंगल आणि उत्तरेच्या काठावर भातशेती करणाऱ्यांचं वीस-पंचवीस घरांचं गाव. गावातली निम्मी माणसं मुंबईला, उरणच्या बंदरात नाहीतर कारखान्यांत कामाला आहेत. दिवाळीला घरी येताना ती आकाशात उडणाऱ्या शॉटचे खोके घेऊन येतात आणि पूजा झाली की पाण्याच्या काठावर ओळीने मांडून पेटवतात. त्या रात्री अमावास्या असते. डोंगरात दुसरा उजेड नसतो. मला खाली पाण्यात त्या आतषबाजीचं प्रतिबिंब हवं होतं आणि वर ताऱ्यांची गोल फिरलेली वर्तुळं. ध्रुव जागचा हलत नाही, बाकीचे तारे त्याच्याभोवती फिरतात. कॅमेरा एका जागी रोवून तास-दीड तास एकामागून एक फोटो घ्यायचे आणि नंतर ते एकावर एक रचायचे, म्हणजे ती वर्तुळं उमटतात. आमच्याकडून ध्रुव आकाशात फार वर दिसत नाही, आणि त्या तलावाच्या दक्षिण काठावर उभं राहिलं की तो बरोबर गावाच्या माथ्यावर येतो. जागा माझ्यासाठीच केल्यासारखी होती.

बाबाला न्यायचं कारण हा ध्रुवच. आमच्याकडे बापाला अहोजाहो करत नाहीत, तेव्हा मीही इथे करणार नाही. बाबा पस्तीस वर्षं तांडेल होता, म्हणजे आमच्या होडीचं सुकाणू त्याच्या हातात आणि होडीवरच्या सहा माणसांचा जीवही. कॅमेरा उजेड असतानाच लावून ठेवावा लागतो, म्हणजे तारा कुठे असेल ते तो दिसायच्या आधी कळायला हवं. फोनला तिथे रेंज नाही आणि फोनमधलं होकायंत्र माझं मलाच गोल फिरवतं. बाबा मात्र काठावर उभा राहायचा, हात सरळ पुढे करायचा, समोरच्या डोंगराच्या पायथ्यावर एक मूठ ठेवायचा, तिच्यावर दुसरी मूठ, आणि म्हणायचा, दोन मुठी वर, इथं येईल. अंधार पडला की तारा तिथेच असायचा. पहिल्या वर्षी मी हे बघून टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा तो म्हणाला, तुझ्या कॅमेऱ्याला एवढे पैसे घातलेस, त्याला मुठी कशा नाहीत?

दुसरं एक काम त्याच्याकडे असायचं. शॉट फुटून झाले की धूर पाण्यावर साचून राहतो, वारा नसला तर तास तास हलत नाही. धूर गेला आणि ध्रुव मोकळा झाला की मग ताऱ्यांचे फोटो सुरू करायचे. मी सतत कॅमेऱ्याच्या उजळ पडद्यात डोकं घालून असते, त्यामुळे वर बघितलं तर मला बराच वेळ काळोखाशिवाय काही दिसत नाही. म्हणून तारा निघाला का, ते बाबाने सांगायचं आणि मी बटण दाबायचं, असं आमचं ठरलेलं होतं. बाबाच्या शब्दावर मी कधी मान वर करून बघितलं नाही. आमच्या घरात कोणीच बघत नाही. तो म्हणाला भरती लागली, की लागली.

पहिल्या वर्षी ढग आले. दुसऱ्या वर्षी तारे चांगले आले, पण ट्रायपॉडला माझाच पाय लागला. तिसऱ्या वर्षी सगळे फोटो करडे निघाले आणि मी त्याचा दोष लेन्सवर बसलेल्या दवाला दिला. चौथ्या वर्षी मी दव पुसायला मऊ फडकी घेतली, जास्तीच्या बॅटऱ्या घेतल्या, आणि आईने दिलेला फराळाचा डबा बाबाच्या मांडीवर ठेवला. जाताना गाडीत तो भावाबद्दलच बोलत होता. माझा धाकटा भाऊ बाबाबरोबर होडीवर असतो. पोराबाळांचा बाप झालेला माणूस. दोन वर्षं त्याची एकच तक्रार होती: बाबा मला रात्री होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा करतो आणि जे दिसेल ते शाळेतल्या पोरासारखं मोठ्याने म्हणायला लावतो. जाळ्याचा तरंगता बोया दिसला, म्हण. बिनदिव्याची होडकी दिसली, म्हण. खडक दिसला, म्हण. बाबाचं म्हणणं, शिकवतोय, उद्या सुकाणू त्यालाच धरायचंय. मी भावाची यथेच्छ चेष्टा केली होती, पाढेही म्हणून घेतो का रे, असं विचारून.

आम्ही पोचलो तेव्हा उजेड होता. बाबाने मुठी लावल्या, मी कॅमेरा रोवला. आठच्या सुमारास समोरच्या काठावर पहिला शॉट सुटला. पुढचा अर्धा तास मी स्वतःला विसरले, हे कबूल करते. लाल, हिरवं, पांढरं पाणी. बाबा डबा उघडून चकल्या खात होता आणि मोठा बार फुटला की मान डोलवत होता. आतषबाजीचे फोटो मनासारखे झाले. शेवटचा खोका संपला, पलीकडची माणसं घरात गेली, काळोख परत आला.

मी कॅमेऱ्याचं सेटिंग बदललं आणि विचारलं, धूर गेला का? बाबा उठला, हात पुढे केला, मूठ, वर मूठ. म्हणाला, निघाला, घे आता.

मी पंचवीस-पंचवीस सेकंदांचे फोटो घ्यायला लागले. दहा झाल्यावर पडद्यावर बघितलं. वरच्या कोपऱ्यात तारे होते, पण मधे, जिथे ध्रुव हवा, तिथे नुसतं करडं. मी दवाला शिवी घातली, लेन्स पुसली. पुन्हा दहा. पुन्हा करडं. मग फोकस तपासला, बॅटरी बदलली, लेन्स बदलली. वीस वर्षं हा धंदा करते, पण त्या अर्ध्या तासात एकदाही माझ्या मनात आलं नाही की कॅमेरा खरं बोलत असेल आणि बाबा नाही. उलट मी बाबाला म्हटलं, हा कॅमेरा भंगारात घालते बघ. तो म्हणाला, घाल.

शेवटी वैतागून कॅमेरा बंद केला आणि खाली दगडावर बसले. पडद्याचा उजेड गेल्यावर हळूहळू डोळे सरावले. डोक्यावर आकाश गच्च भरलेलं होतं. पूर्वेला कृत्तिका झाडांच्या वर आल्या होत्या. उत्तरेला मात्र पाण्यापासून निम्म्या आभाळापर्यंत धूर उभा होता. त्यात एक तारा नव्हता. आणि बाबा त्या धुराकडे तोंड करून उभा होता.

मी विचारलं, "बाबा, ध्रुव दिसतोय?"

"दिसतोय की. जागच्या जागी हाय."

आधी मला हसूच येणार होतं. वाटलं, म्हातारा थापा मारतोय. मग काय झालं कोण जाणे, मी उठले, आवाज न करता त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि त्याच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर तळहात धरला. ताऱ्यांच्या उजेडात मला माझी बोटं दिसत होती. त्याची पापणी हलली नाही. तो माझ्या हातातून पलीकडे बघत होता.

"आता दिसतोय?"

"व्हय. किती येळा विचारशील?"

"बाबा, तुझ्या डोळ्यांपुढे माझा हात आहे."

त्याने हात वर करून चाचपला. माझी बोटं त्याच्या हाताला लागली, तशी ती त्याने धरली आणि सोडलीच नाहीत. मला आधी राग आला, आणि तो इतका आला की रडू त्याच्या मागून आलं.

मग त्याने सगळं सांगितलं. दिवसा ठीक दिसतं. शॉट फुटला तर दिसतो, दिवा दिसतो. बारीक उजेड मात्र दोन वर्षांपूर्वी गेला, आधी तारे गेले, मग रात्रीचं पाणी. कोणालाही न सांगता तो एका नेत्रशिबिरात जाऊन आला होता. मी लगेच म्हटलं, मोतीबिंदू असेल, काढून टाकू, आजकाल घटकाभराचं काम आहे. तो म्हणाला, मोतीबिंदू न्हाय, डोळ्यामागचा पडदा सुकतोय, त्याला आपरेशन नसतं असं डॉक्टरीण बोलली. मी विचारलं, मग होडी कशी चालवतोस? तो म्हणाला, पाणी पायाला कळतं, वाट पाठ हाय, जीपीएसच्या यंत्रावर वाटेची रेघ दिसते. आणि पुढं पोरगा हाय, तो बोलतो ना.

भाऊ नाळेवर उभा राहून शिकत नव्हता. तो बाबाचे डोळे होता आणि त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं. झोप येते म्हणून एखादा बोया त्याने न बोलता सोडला असता तर? खाडीच्या तोंडाशी रात्री किती बिनदिव्याची होडकी असतात, एकेक माणूस आत बसलेला. मी हे सगळं बाबाला ऐकवलं, आवाज चढवून ऐकवलं. पलीकडच्या गावात कुत्रीसुद्धा भुंकायला लागली. त्याने वाद घातला नाही. म्हणाला, मना ठावं हाय.

मी म्हटलं, आज घरी गेल्यावर भावाला सांगते. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे होड्या निघणार होत्या. तेव्हा तो खाली दगडावर बसला आणि त्याने मागणं मागितलं. आमच्याकडे शिमग्याला होडीची पूजा होते, सगळा कोळीवाडा बंदरावर असतो. तांडेल बदलायचा तर त्या दिवशी, सगळ्यांसमोर, जुन्याने नव्याच्या हातात सुकाणू द्यायचं. त्याच्या बापाने त्याला तसंच दिलं होतं.

"शिमग्यापतुर गप रहा, बाय. मी माझ्या हातानं देईन. तू काढून घेऊ नको."

मी बरं म्हटलं. का म्हटलं, ते आजही मला नीट सांगता येत नाही. माझ्या बापाने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि तो त्या दगडावर इतका लहान दिसत होता की नाही म्हणायला तोंड उघडेना.

उतरताना तो माझ्या बॅगेचा पट्टा धरून मागून चालला. गेली दोन वर्षं तो असाच चालायचा आणि म्हणायचा, तुला ओझं होतं म्हणून मागून उचलून धरतोय. मी घरात सगळ्यांना कौतुकाने सांगायचे.

पाडव्याचा दिवस मी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून आत काढला. आतषबाजीचे फोटो सुरेख आले होते. एरवी मी ते दहा जणांना पाठवले असते. त्या दिवशी मी फक्त हिशोब करत बसले की शिमग्यापर्यंत होडी किती फेऱ्या मारेल, त्यातल्या किती रात्री अंधाऱ्या असतील. मग मनाची समजूत घालायची, दोन वर्षं काही झालं नाही, अजून चार महिने काय होतंय. समजूत पटली की लगेच स्वतःचाच राग यायचा. संध्याकाळी भाऊ दुकानात डोकावला, माझ्या पोराच्या हातावर फुलबाज्यांचा डबा ठेवून गेला. मी त्याच्याकडे नीट बघितलं नाही.

भाऊबीजेला दुपारी मी माहेरी गेले. चार गल्ल्या पलीकडे तर आहे. आईने पाट मांडले, रांगोळीचं बोट ओढलं. बाबा शेजारी खुर्चीवर बसला होता, माझ्याकडे तोंड करून. भाऊ नवा शर्ट घालून पाटावर बसला, टोपी सापडेना म्हणून डोक्यावर रुमाल ठेवला. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, तबक उचललं. भावाला ओवाळताना बहीण मनात काय म्हणते ते सगळ्यांना माहीत आहे. त्याला आयुष्य मागायचं असतं. मी तबक एकदा फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं, आणि हात थांबला. ज्याला आयुष्य मागतेय तो पहाटे तीन वाजता त्या होडीवर चढणार आणि मला सगळं माहीत असून मी दिवा फिरवत बसले आहे. मला स्वतःची किळस आली.

मी तबक खाली ठेवलं आणि म्हटलं, "बाबाला रात्रीचं दिसत नाही. दोन वर्षं झाली. तू बोलतोस त्याच्यावर होडी चालते."

भाऊ आधी हसला, माझी काहीतरी चेष्टा असेल म्हणून. मग त्याने बाबाकडे बघितलं. बाबा खाली फरशीकडे बघत होता. आई मी खाली ठेवलेलं तबक उचलायला वाकली होती, ती तशीच वाकून राहिली. ती चकित झाली नाही, कधीपासून असंही तिने विचारलं नाही. तेव्हा मला कळलं की तिलाही ठाऊक होतं. रात्री उठणाऱ्या नवऱ्याचं धडपडणं बायकोला कळणार नाही तर कोणाला? तिने दोन वर्षं नवऱ्याला सांभाळण्यासाठी मुलाला होडीवर पाठवलं होतं. तिला बोल लावायला माझं तोंड नव्हतं. मीही दोन दिवस तेच केलं होतं.

भाऊ ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, गेल्या महिन्यात एकदा माझा डोळा लागला होता उभ्या उभ्या. एवढंच बोलला. मग त्याने डोक्यावरचा रुमाल काढून खिशात घातला, माझ्या पाया पडला आणि बाहेर निघून गेला. जेवण कोणी जेवलं नाही.

मी रात्री तिथेच राहिले. पहाटे भाऊ उठला, आवरलं, जेवणाचा डबा घेतला. बाबा त्याच्याही आधी उठून, दर्यावर जायचे कपडे घालून ओट्यावर बसला होता. मला वाटलं, आता भांडण होणार. झालं नाही. भाऊ त्याच्यासमोर थांबला. बाबाने त्याला खाडीच्या तोंडाशी पाणी आज कसं ओढेल ते सांगितलं, कुठे वेग कमी करायचा ते सांगितलं, नाळेवर कोणा भरवशाच्या माणसाला उभं कर म्हणाला. भाऊ प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणत होता. मग तो गेला. बंदरावर इंजिनांचा आवाज सुरू झाला, एकेक होडी निघाली. आमचीही निघाली असणार.

मी बाबाच्या शेजारी बसले. माफी मागायची का, ते ठरत नव्हतं. चूक केली नव्हती, पण शब्द मोडला होता. शेवटी म्हटलं, बाबा, माझ्यावर रागावलास?

तो म्हणाला, "न्हाय. खरं तेच बोललीस." मग म्हणाला, "पन मी आजच देनार होतो. त्या रातीपासून झोप न्हाय मना. आज बंदरावर गेल्यावर समद्या खलाशांसमोर बोलनार होतो. तू अर्धा दिवस थांबायला पायजे होतंस."

त्यानंतर तो आत जाऊन झोपला. कपडे न बदलता.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. होडी भाऊ चालवतो, बरी चालवतो. शिमग्याला पूजा झाली, पण देण्याघेण्याचं काही उरलं नव्हतं. बाबा गर्दीत मागे उभा होता. तो माझ्याशी बोलतो, हसतो, स्टुडिओत येऊन बसतो. मी तो विषय काढत नाही आणि तोही काढत नाही.

तो खरंच उतरणार होता का, हे मला माहीत नाही. तो खोटं बोलला असेल, एका म्हाताऱ्या तांडेलाने इभ्रत राखायला मारलेली थाप असेल, असं मी स्वतःला रोज सांगते. कारण ते खरं असेल, तर त्याने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली एकच गोष्ट मी अर्धा दिवस आधी त्याच्या हातातून ओढून घेतली, तीही विनाकारण. भाऊ दर फेरीहून सुखरूप परत येतो. तो दारात दिसला की मला बरं वाटतं पण त्याच वेळी बाबाच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नाही.